ओट्यावरचा फोटो

"माझं नाव बघ रं," असं म्हणून नानीने आधार कार्ड टेबलावर ठेवलं. लॅमिनेशन सुटत आलेलं, एका कोपऱ्याला हळदीचा डाग. २०२१ ची दिवाळी होऊन गेली होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या आणि मी रविवारचा गावी आलो होतो. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या रांगेवर. चुलतभावाचं सेवा केंद्र फाट्यावर आहे, एसटीच्या थांब्याला लागून. दहा बाय दहाचा गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन. गावी आलो की दुपारी मी तिथंच बसतो. कुणाच्या घरात काय चाललंय ते चावडीपेक्षा आता तिथं लवकर कळतं.

नानी आमच्या भावकीतली चुलती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. एक मुलगा ऊसतोडीला जातो, सहा महिने गावात आणि सहा महिने फडात. नानी गावठाणाच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहते. तीन बाजूंनी दगडमातीच्या भिंती, चौथ्या बाजूला पत्रा उभा केलेला. पावसाळ्यात भांडी कुठं मांडायची हे तिला पाठ आहे.

भावाने घरकुलाची यादी उघडली. प्रपत्र ड. हा शब्द आमच्याकडे आता लहान पोरांनाही माहीत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेची पहिली यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेवरून झाली. तीत जे राहिले त्यांच्यासाठी पुन्हा सर्वेक्षण झालं, मोबाईलच्या ॲपमध्ये माहिती भरून, फोटो काढून. त्याची ही यादी. सपाटीवरच्या गावात घराला तेव्हा १ लाख २० हजार मिळायचे. भाऊ माऊसचं चाक फिरवत होता, नावं वर सरकत होती आणि नानी त्या नावांकडे न बघता भावाच्या तोंडाकडे बघत होती.

तिच्या धाकट्या जावेचं, माईचं, नाव सापडलं. नानीचं नाव दुसऱ्या यादीत होतं, अपात्रांच्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, पक्के घर.

"कामून न्हाई?" नानीने विचारलं.

"पक्कं घर आहे असं दाखवतंय, नानी."

ती थोडी थांबली. मग म्हणाली, "आन् माईला कसं काय भेटलं मंग?"

हे दोन प्रश्न मी नंतर कितीतरी वेळा आठवले. पहिला प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं होतं. पण त्या गाळ्यात उत्तर देणारं कुणी नव्हतं. मी नव्हतो, भाऊ नव्हता आणि पडदा तर नव्हताच. म्हणून पहिला प्रश्न तिथंच सोडून ती दुसऱ्याकडे वळली, कारण दुसऱ्या प्रश्नाला पत्ता होता. माई तिच्यापासून चार घरं सोडून राहत होती.

त्या संध्याकाळपासून दोघी जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

*

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, चावडी वाचनाच्या गोष्टी सांगायचे. तलाठी यायचा, चावडीच्या पायरीवर दप्तर सोडायचा आणि सातबाऱ्यावरची नावं, फेरफार, पिकं मोठ्याने वाचायचा. आबांना अक्षरओळख नव्हती. ते खाली मांडी घालून बसत आणि आपल्या गट नंबरची वाट बघत. काही चुकीचं ऐकू आलं की जागेवरूनच, "ओ तलाठीआप्पा, थांबा जरा!" तलाठ्याला थांबावं लागे. ऐकून घेतल्यावर तो दुरुस्ती करेलच असं नाही. पुष्कळदा करतही नसे. पण सगळं गाव ऐकत असे, आणि वाचणाऱ्याचा चेहरा गावाला दिसत असे.

तो काळ न्यायाचा होता असं मी म्हणणार नाही. त्या चावडीच्या पायरीवर कोण बसायचं आणि कोण उन्हात लांब उभं राहायचं हे ठरलेलं होतं. कुणाचं ऐकलं जायचं तेही ठरलेलं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली तेव्हा माझ्या आजीने खडी फोडली. हजेरीचं मस्टर कुठं असायचं, तर मुकादमाच्या खिशात. किती दिवस भरले, किती लागले, हे आठवड्याच्या शेवटी तो सांगेल ते. आजीच्या तोंडी त्याबद्दल कधी तक्रार ऐकली नाही. "नशिबात तेवढंच व्हतं," एवढंच. मला लहानपणी ती तिची समजूतदार वृत्ती वाटायची. आता वाटतं, तिच्याकडे विचारायला कागदच नव्हता, म्हणून तिने नशिबाला विचारलं.

कागद लोकांच्या हाती यायला फार दिवस लागले. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात १९९४ च्या डिसेंबरात लोकांनी जनसुनवाई घेतली आणि कामाचे कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवले. आपल्याकडे राळेगणसिद्धीहून माहितीसाठी आंदोलनं झाली, २००२ ला राज्याचा कायदा आला, २००५ ला देशाचा. रोजगार हमीचं मस्टर आज वेबसाईटवर कुणीही उघडू शकतं. नाव, दिवस, रक्कम, सगळं. जे आजीला मुकादमाच्या खिशातून कधी दिसलं नाही ते तिची नात आता बसल्याजागी बघते. यासाठी माणसांनी उपोषणं केली, उन्हात बसली, मार खाल्ला. ही गोष्ट लहान नाही.

*

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. त्याआधी आम्ही एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचो, मेसेज आला की डेटा चालू, वाचला की बंद. नंतर सगळंच बदललं. म्हशीमागे जाणारं पोरगं कानात वायर घालून जाऊ लागलं. ते काय बघतं याची शहरात फार काळजी केली जाते. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. तो काय बघतो यापेक्षा तो स्वतःला कुणाशेजारी उभं करून बघतो, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आबांच्या काळी माणूस स्वतःला भावकीशेजारी उभं करायचा. त्याच्या विहिरीला पाणी, माझ्या नाही. त्याच्या दारात बैलजोडी, माझ्या एकच बैल. मापं गावातच असायची. आता मापं कुठूनही येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक आला. त्या पट्टीचा, म्हणजे आडत्याने दिलेल्या हिशेबाच्या पावतीचा, फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर पडला तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील. कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने आपल्या पट्टीचा फोटो टाकला. मग दुसऱ्याने. मग जुन्या, चुरगळलेल्या, खिशात धुऊन निघालेल्या पट्ट्या निघाल्या. बारा वाजेपर्यंत ग्रुपवर पट्ट्यांशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी तो ग्रुप उशिरापर्यंत बघत बसलो होतो. आमच्या गावात पट्टी ही नवऱ्याने बायकोलाही धड न दाखवायची गोष्ट. कमी भाव मिळाला की तो माणसाचा कमीपणा समजायचे. माल वाईट असेल, वेळ चुकली असेल, आडत्याशी बोलता आलं नसेल. त्या रात्री पहिल्यांदा सगळ्यांना दिसलं की आडती वेगळे, बाजार वेगळे, माल वेगळा, तरी खालचा आकडा सारखाच रडतोय. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली तेव्हा आमच्याकडची साधी माणसं सरकारी आदेशाच्या तारखेसकट बोलत होती. दिल्लीत कांदा काय भावाने विकतोय आणि लासलगावला काय भावाने जातोय, हे पारावर बसून सांगत होती. नशीब हा शब्द त्या बोलण्यात मी ऐकला नाही.

असंच एकदा ऊसतोडीच्या बाबतीत झालं. नानीचा मुलगा तेव्हा कर्नाटकाच्या हद्दीजवळ फडात होता. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि कामगार संघटनांची बैठक झाली आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पूर्वी हे मुकादमाने सांगितलं तर कळायचं, तेही त्याच्या सोयीने. कोयत्याने, म्हणजे तोडणीच्या जोडप्याने, आगाऊ उचल घेतलेली असते, हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, विचारायचं कुणाला. या वेळी बातमी त्याच रात्री कोपीवर, फडातल्या झोपडीवर, पोचली. नानीचा मुलगा सांगत होता की आम्ही सात-आठ कोयते मिळून मुकादमाकडे गेलो, मोबाईलवर बातमी उघडून त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, वाचा. आता ती माणसं गाडीच्या वजनाच्या पावतीचा फोटो काढून ठेवतात. हार्वेस्टर मशिनीला टनामागे किती देतात आणि आम्हाला किती, हा प्रश्नही ते विचारतात. बायकोला पहाटे तीनला उठवून, लेकरू पाचटावर झोपवून जे काम केलं जातं ते मशिनीपेक्षा स्वस्त का, हा प्रश्न आधी कुणाला पडला नव्हता असं नाही. पण तो आता एकट्याचा राहिलेला नाही.

*

एवढ्यावर हा लेख संपला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण त्याच ग्रुपवर, त्याच माणसांनी, दुसरंही काही केलं आहे. आणि त्यात माझा हात आहे.

घरकुलाच्या यादीनंतर पाच-सहा महिन्यांनी मी रोजगार हमीच्या साईटवर आमच्या गावचं मस्टर उघडलं. माहिती सगळ्यांना मिळावी, एवढंच डोक्यात होतं. त्यात एका पोराचं नाव दिसलं जो तीन वर्षांपासून पुण्यात कंपनीत कामाला आहे. दिवस भरलेले, पैसे जमा झालेले. मी स्क्रीनशॉट काढला, नावाभोवती लाल गोल केला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हे कसं?

दहा मिनिटांत त्या पोराच्या आईबद्दल लिहून यायला लागलं. मग बहिणीबद्दल. त्याच्या बापाने दुसऱ्या दिवशी पारावर येणं बंद केलं. मस्टर कोण भरतं, त्यावर सही कुणाची असते, एकाच नावावर पैसे निघाले की ते कुणाकुणात वाटले जातात, हे विचारणारा मेसेज त्या दोनशे मेसेजांत एकही नव्हता. मीही तो लिहिला नव्हता. मी गोल नावाभोवती केला होता. मस्टरवर सहीसुद्धा होती, कोपऱ्यात.

यादीत शेजाऱ्याचं नाव ठळक असतं. यादी करणारा त्यात नसतो. चावडीवर तलाठी समोर असायचा म्हणून राग निदान त्याच्या दिशेने तरी जायचा. मोबाईलवर प्रत्येक जण एकटा वाचतो, बहुतेक रात्री, पांघरुणात, आणि ज्याचं नाव ओळखीचं त्याच्यावर जळतो. हे मला त्या लाल गोलानंतर कळलं. त्या पोराच्या बापाची मी घरी जाऊन माफी मागितली. त्याने पाणी दिलं, चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

गावकुसाबाहेर तीन घरं आहेत. घरं म्हणजे पालं, साड्यांचे आडोसे. यादीत त्या तिघांची नावं आली तेव्हा ग्रुपवर एक मेसेज फिरला, आपल्याच गावातल्या कुणी लिहिलेला नव्हे, कुठून तरी आलेला. त्यांना सगळं फुकट आणि आपण मरायचं, अशा अर्थाचा. आमच्या माणसांनी तो पुढे ढकलला कारण तो त्यांना आपल्या मनातला वाटला. त्या तिघांच्या नावावर गावठाणात वीतभर जागा नाही हे कुणाला माहीत नव्हतं का? होतं. जागा नसेल तर घरकुल मंजूर होऊनही बांधणार कुठं? जागा खरेदीसाठी वेगळी योजना आहे, पण जागा विकत देणारा तर हवा. गावात त्यांना कुणी जागा दिली नाही. तिघांची नावं यादीत आहेत आणि तिघंही अजून पालातच आहेत. लोकांना नाव दिसलं. पाल रोज दिसतं, म्हणून दिसलं नाही.

मला हे लिहिताना राईनपाडा आठवतो. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत फिरत होती. मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ त्या भागात मोबाईलवरून फिरत होते. पाच जणांना जमावाने ठार मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ज्यांनी मारलं त्यांच्यातल्या कितीकांना त्या घटकेला आपण न्याय करतोय, आपली लेकरं वाचवतोय असंच वाटत असणार, आणि मला सगळ्यात भीती याचीच वाटते. डवरी गोसावी आमच्या गावातही दर वर्षी यायचे. आजी त्यांना सुपातून जोंधळे घालायची. त्या वर्षी ते आले नाहीत. पुढेही दोन वर्षं आले नाहीत. आजी असती तर तिने विचारलं असतं, आम्ही कुणी विचारलं नाही.

*

केंद्रात बसून मला आणखी एक गोष्ट दिसते. अन्यायाला आता नवी नावं आली आहेत. पेंडिंग. रिजेक्ट. आधार सीडिंग नाही. केवायसी राहिली. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा फाट्यावर जत्रा भरली होती. महिना दीड हजार, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. भाऊ सकाळी सहाला गाळा उघडायचा आणि रात्री एकला बंद करायचा. बायका लेकरं काखेला मारून उभ्या. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले तेव्हा काहींच्या मोबाईलवर मेसेज वाजला आणि काहींच्या वाजला नाही. ज्यांचा वाजला नाही त्या दुसऱ्या दिवशी आल्या. "तिच्यात आन् माझ्यात काय फरक हाय?" भाऊ म्हणायचा, "ताई, बँकेत आधार लिंक नाही." किंवा, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

पूर्वी साहेब जागेवर नाहीत असं सांगायचे. साहेबाची वाट बघता यायची, त्याच्या घरी जाता यायचं, तो येताना दिसला की आडवं जाता यायचं. सर्व्हरच्या घरी कसं जाणार? मला वाटतं, आजीच्या नशिबाची जागा या सर्व्हरने घेतली आहे, फक्त नशिबापुढे ती हात तरी जोडू शकायची. एक बाई मला म्हणाली होती, "दादा, कोन म्हनलं न्हाई भेटनार? त्याचं नाव सांगा. मी त्याला ईचारते." मी तिला नाव सांगू शकलो नाही.

आणि हे सगळं ज्यांच्या हातात मोबाईल आहे त्यांच्याबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ या काळात ग्रामीण भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी साधारण ४९ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी २५ टक्क्यांनी. म्हणजे निम्म्याने. त्यानंतर पुष्कळ फरक पडला असेल, पण आमच्या वाड्यात मी बघतो, घरातला मोबाईल कुणाचा तर पोराचा. आईच्या नावाचं सिम त्यात असतं, तिच्या योजनेचा ओटीपी त्यावर येतो आणि पोरगं मळ्यात असलं तर आईला थांबावं लागतं. नानी तर त्या पाहणीच्या वयातच बसत नाही. तिला जे कळतं ते कुणीतरी वाचून दाखवलेलं. आणि वाचून दाखवणारा जेवढं वाचेल तेवढंच.

*

२०२२ च्या २ ऑक्टोबरला ग्रामसभा होती. कोरोनानंतर नीट भरलेली पहिलीच म्हणायची. मी होतो. नानी आली आणि बायकांच्या बाजूला, माईपासून लांब बसली. घरकुलाचा विषय निघाला तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, यादी ऑनलाईन आहे, ज्याने त्याने मोबाईलवर बघून घ्यावी.

नानी उठली. पदर खोचला. "माझ्याकडं मोबाईल न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही वाचा. मोठ्यानं वाचा."

ग्रामसेवक हसले, म्हणाले, नानी, अडीचशे नावं आहेत. मागून दोघं-तिघं म्हणाले, वाचा की मग. ते वाचू लागले. पात्र, अपात्र, कारण. प्रत्येक कारणावर कुणी ना कुणी हुंकार देत होतं. एकाची फटफटी निघाली, एकाचं किसान कार्ड. नानीचं नाव आलं. पक्के घर.

"कुटं हाय माझं पक्कं घर? दावा मला."

सभेत हशा झाला नाही. सगळ्यांना तिची खोली माहीत होती. ग्रामसेवक तसे भले गृहस्थ, आमच्याकडे बदलून येऊन वर्षच झालं होतं, आधीच्या सर्वेक्षणाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी आपल्या मोबाईलवर काही उघडलं, बराच वेळ गोल फिरत राहिला, मग एक फोटो आला. त्यांनी तो सरपंचांना दाखवला. सरपंचांनी मला जवळ बोलावलं.

फोटोत नानी होती. ओट्यावर बसलेली, मांडीवर सूप, सुपात तूर. उन्हाने डोळे बारीक केलेले. तिच्या पाठीमागे गिलावा केलेली भिंत आणि निळं दार.

ते दार आमचं होतं.

मग सगळं उलगडलं. चार वर्षांपूर्वी ॲप घेऊन कुणीतरी गावात फिरलं होतं. दुपारची वेळ. नानी रोजच्यासारखी आमच्या ओट्यावर आईसोबत तूर निवडत बसलेली. तिचं नाव विचारलं, आधार बघितलं, टोकाच्या खोलीपर्यंत उन्हात चालत जायचा कंटाळा केला असेल, आणि बसल्याजागी फोटो काढला. आईला आठवत होतं. "हसा म्हनला व्हता तो," आई नंतर म्हणाली.

मी वर्षभर नानीला सांगत होतो की पक्कं घर दाखवतंय. कोणतं घर दाखवतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्याच घराने तिचं घर अडवलं होतं आणि मी केंद्रात बसून तिला कारण वाचून दाखवत होतो.

ग्रामसेवकांनी मोबाईल नानीपुढे धरला. तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "ही मीच," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, "घर याचं."

माई बसल्याजागेवरून उठली होती. तिने तो मोबाईल हातात घेतला, फोटो बघितला आणि नानीकडे बघितलं. काही बोलली नाही. सभा सुटल्यावर दोघी एकाच वाटेने गेल्या, चार पावलं मागेपुढे.

अर्ज केला, ठराव केला, तालुक्याला तीन खेपा घातल्या. अपात्र झालेलं नाव परत घ्यायची सोय सिस्टीममध्ये नाही, असं उत्तर मिळालं. ते सांगणाऱ्याचाही दोष नसावा. त्याला दुसरं बटणच दिलेलं नव्हतं.

*

२०२५ च्या सुरुवातीला नवीन सर्वेक्षण आलं. या वेळी ॲपमध्ये स्वतःचं स्वतः भरायचीही सोय होती, चेहरा दाखवून, घराचा फोटो काढून. शिवरात्रीच्या आसपास एका सकाळी आम्ही नानीच्या खोलीसमोर जमलो. माईचा नातू बारावीला आहे, त्याचा मोबाईल चांगला, म्हणून त्याने धरला. मी फक्त कागदं घेऊन उभा होतो. नानीने इरकली लुगडं नेसलं होतं. तिला दारात उभं केलं. पाठीमागे पत्रा, त्यावर ठेवलेले दगड, कोपऱ्यात चूल.

ॲपने आधी चेहरा मागितला. गोलात चेहरा आणायचा आणि डोळे मिचकवायचे, मग ते ओळखतं. नानी गोलात आली, पण मोबाईलकडे टक लावून बघत राहिली. पोरगं म्हणालं, "नानी, डोळे मिचकव." तिने ओठ घट्ट मिटले, डोळे आणखी मोठे केले. वेळ संपली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तसंच. मागच्या फोटोच्या वेळी डोळे बारीक झाले होते हे तिच्या मनात राहिलं असावं. या खेपेला ती चुकणार नव्हती.

तिसऱ्यांदा माई पुढे झाली. नातवाच्या खांद्यामागे उभी राहून तिने आपले स्वतःचे डोळे दोन-तीनदा उघडझाप करून दाखवले.

"आगं बया, असं. माझ्याकडं बघ. असं मिचकव."

नानीने तिच्याकडे बघितलं, आणि मिचकवले.